‘निरंक’ लिहिलेला रकाना: उमेदवारांचं शपथपत्र पोर्टल कितपत कामाचं?

आमदार-खासदाराचा धंदा आणि त्याचं पद कुठे एकमेकांत गुंतलंय हे बघायचं, तर सामान्य माणसाच्या हातात मुख्य सोयी दोनच आहेत: निवडणूक आयोगाचं शपथपत्र पोर्टल आणि एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेचं ‘मायनेता’ हे संकेतस्थळ. दोन्ही फुकट. मायनेतावर आकडे काढून तक्ते मांडलेले असतात. पाच वर्षांत संपत्ती किती फुगली हे बघायला ते पुरतं. पण तक्त्यातली नोंद कुणीतरी वाचून भरलेली असते. खाडाखोड किंवा मागाहून घुसवलेली ओळ मूळ कागदावरच दिसते. म्हणून हितसंबंधांच्या तपासणीसाठी आयोगाच्या पोर्टलवरची पीडीएफच उघडावी.

पोर्टल वापरायला सोपं आहे, पण नीटनेटकं नाही. निवडणूक, राज्य, टप्पा, मतदारसंघ असं निवडत गेलं की यादी येते. एकच उमेदवार दोन-तीनदा दिसला तर गोंधळू नका. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात आणि प्रत्येक संचाची नोंद वेगळी पडू शकते. नामसाधर्म्याचे उमेदवार उभे करण्याची आपल्याकडची जुनी खोड लक्षात ठेवून फोटो, पक्ष आणि वडिलांचं नाव जुळवून घ्यावं. पानं स्कॅन केलेली असल्यामुळे आत शब्द शोधता येत नाही. वीस-पंचवीस पानं डोळ्यांनीच चाळावी लागतात, त्यातही एखादं पान आडवं किंवा उलटं.

शपथपत्राच्या ठरावीक नमुन्यातलं, म्हणजे फॉर्म २६ मधलं, गुन्ह्यांचं पान बातम्यांमध्ये येतंच. हितसंबंधांसाठी मुद्दा ७ (मालमत्ता), ९ (व्यवसाय), ९अ (उत्पन्नाचे स्रोत) आणि ९ब (सरकारी कंत्राटं) वाचायचे. त्यातला ९ब सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी लोकप्रहरी या संस्थेच्या खटल्यात निकाल दिला, त्यानंतर हा तपशील फॉर्ममध्ये आला. सरकारशी किंवा सरकारी कंपनीशी असलेली कंत्राटं इथे सहा खान्यांत विचारली आहेत: स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची, हिंदू अविभक्त कुटुंब किंवा ट्रस्टची, भागीदारी फर्मची आणि ज्यात शेअर आहेत अशा खासगी कंपनीची. बहुतेक शपथपत्रांत सहाही खान्यांत ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असतं. ते खोटंच असेल असं नाही; प्रश्न जसा विचारला तसं ते खरंही असू शकतं.

याचं कारण ‘अवलंबित’ या शब्दात आहे. स्वतःचं उत्पन्न नसलेला आणि उमेदवारावर पोट असलेला नातेवाईक तेवढा अवलंबित. कमावता मुलगा, सून, भाऊ, मेहुणा सगळे बाहेर. दुसरी फट पोटठेक्याची: कंत्राट दुसऱ्याच्या नावावर आणि डंपर, खडी, क्रशर घरचे, तर ९बमध्ये लिहायला काहीच उरत नाही. तिसरी फट वेळेची. शपथपत्र अर्ज भरतानाचं असतं. निवडून आल्यावर घेतलेलं आणि पुढच्या निवडणुकीआधी संपलेलं काम या कागदावर कधीच येत नाही.

मुद्दा ७ मध्ये शेअरच्या नोंदी बघा. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचे शेअर पुस्तकी किमतीने दाखवायचे असतात. १० रुपये दर्शनी किमतीचे १०,००० शेअर म्हणजे पुस्तकात एक लाख, आणि त्या कंपनीच्या नावावर रिंगरोडलगतची जमीन असली तरी शपथपत्रात लाखच. त्यामुळे आकडा सोडा, कंपनीचं नाव उतरवून घ्या. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते टाकलं की संचालक कळतात. १०० रुपये भरले की दाखल केलेले कागद बघता येतात. त्यात एमजीटी-७ या फॉर्ममध्ये भागधारक मिळतात आणि एओसी-२ या फॉर्ममध्ये संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार. बांधकाम व्यवसाय असेल तर महारेरावर प्रकल्पाचे प्रवर्तक बघावेत.

जमिनीच्या रकान्यात गाव, गट क्रमांक, खरेदीची तारीख आणि त्या वेळची किंमत असते. गट क्रमांकावरून सातबारा महाभूलेखवर फुकट दिसतो. डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये. खरी मेख खरेदीच्या तारखेत आहे. ती तारीख आणि त्या भागाच्या विकास आराखड्याची किंवा रस्त्याच्या भूसंपादनाची अधिसूचना शेजारी ठेवून बघा. हे जुळवणं पोर्टल करत नाही, करणारही नाही.

कायदा किती तोकडा आहे तेही फॉर्म वाचताना कळतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ अपात्र ठरवतं ते फक्त स्वतः उमेदवाराने सरकारला माल पुरवण्याचं किंवा काम करण्याचं कंत्राट घेतलेलं असेल तर. पत्नीचं कंत्राट जाहीर करा, पण त्याने पद जात नाही. कलम १० मध्ये सरकारचं २५ टक्के भांडवल असलेल्या कंपनीच्या व्यवस्थापकाला मनाई आहे आणि त्यातून सहकारी संस्था नाव घेऊन वगळल्या आहेत. साखर कारखाने आणि जिल्हा बँकांच्या या राज्यात ते चार शब्द केवढे सोयीचे! गंमत म्हणजे ग्रामपंचायत सदस्याला ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४(१)(ग) जास्त कडक आहे: पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असला तरी घरी जावं लागतं.

ट्रस्टचा खाना भरलेला दिसला तरी हुरळून जाऊ नका. १९८२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध नोंदवला आणि अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. तोच व्यवहार आज फॉर्म २६ मध्ये कुठे लिहाल? देणगी म्हणजे कंत्राट नव्हे. शिक्षणसंस्था आणि प्रतिष्ठानांना कोण देणगी देतं याला रकानाच नाही.

खोटं आढळलं तर? निवडणूक निर्णय अधिकारी मजकुराची शहानिशा करत नाही. रिकामा रकाना असेल तर नोटीस देतो, तरीही भरला नाही तर अर्ज फेटाळू शकतो. खोट्या माहितीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निवडणूक रद्द करून घ्यायची तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. अंबरनाथच्या २००४ च्या विधानसभा निवडणुकीत जिंकलेले किसन कथोरे यांच्याबाबत हे झालं. पत्नीच्या नावावरचा बंगला आणि गाडी शपथपत्रात नव्हती. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. तोवर ती विधानसभाच संपली होती. उलट एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचलचे आमदार कारिखो क्री यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करायची गरज नाही, तिचं मूल्य मोठं असेल किंवा राहणीमानावर प्रकाश पडत असेल तरच. तेव्हा नुसती जुनी गाडी सापडली म्हणून याचिकेच्या मागे लागू नका.

राज्यसभेच्या खासदाराबद्दल शोधत असाल तर आणखी एक दार आहे: नियम २९३ खालची हितसंबंधांची नोंदवही. पगारी संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, नियंत्रण देणारी भागधारणा, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम अशी पाच सदरं तिच्यात असतात. माहिती अधिकारात ती मागता येते. लोकसभेला अशी नोंदवही नाही.

पोर्टलला पाचपैकी तीन. एक गुण स्कॅनच्या दर्जामुळे गेला, दुसरा अधल्यामधल्या वर्षांचं काहीच नसल्यामुळे. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर लगेच आपल्या मतदारसंघाच्या पीडीएफ उतरवून ठेवा, फाइलच्या नावात वर्ष टाका. पुढच्या खेपेला दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवून आधी कंपन्यांची नावं जुळवा, मग गट क्रमांक, आणि रुपये सगळ्यात शेवटी.