थिसॉरस की लर्नर्स डिक्शनरी? एका ‘वर्क’ची गोष्ट

मराठीतून इंग्रजीत भाषांतर करू लागलेली मंडळी मला अधूनमधून विचारतात, की एकच जाडजूड पुस्तक विकत घ्यायचे झाले तर रोजे यांचा थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा संग्रह, घ्यावा की ऑक्सफर्डची अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश. दोन्ही पुस्तके माझ्या टेबलावर बरीच वर्षे आहेत आणि दोन्हींचे उपकार मी मानतो, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते एका वापरणाऱ्याचे मत समजावे.

थिसॉरसचा मोह कसा पडतो, हे ‘वर्क’ या साध्या नामावरून सांगता येईल. मागच्या सूचीत हा शब्द काढावा, तिथल्या क्रमांकावरून आत जावे, तर लेबर, टॉइल, टास्क, एम्प्लॉयमेंट, ऑक्युपेशन अशी सगळी भावकी भेटते. पीटर मार्क रोजे हे पेशाने डॉक्टर होते. 1805 मध्ये त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी अशी एक यादी करून ठेवली होती आणि 1852 मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, ती वाढवून छापली. सहा वर्ग, त्यांखाली हजार शीर्षके आणि विरुद्ध कल्पना शेजारशेजारच्या स्तंभांत, ही मूळ मांडणी इतकी देखणी आहे, की एक शब्द शोधायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने भलतेच काही वाचताना सापडतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

तक्रार निराळी आहे. महिला बचत गटांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचे भाषांतर मी करत होतो. एकाच परिच्छेदात ‘वर्क’ चार वेळा आल्याचे माझ्या लक्षात आले आणि शाळेत बसलेल्या ‘शब्दांची पुनरुक्ती टाळा’ या वळणामुळे मी थिसॉरस उघडला. त्यातून उचललेल्या शब्दांपैकी ‘टॉइल’ मी बायकांच्या पापड लाटण्याच्या कामाला लावला. अहवाल अभिमानाने सांगत होता, की या बायकांनी स्वतःचा धंदा उभा केला. माझे इंग्रजी सांगत होते, की त्या बिचाऱ्या वेठबिगारीत पिचत आहेत. दुसऱ्या वाक्यात मी त्यांना ‘न्यू एम्प्लॉयमेंट्स’ मिळवून दिल्या होत्या. तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही शब्दांभोवती पेन्सिलीने गोल केले आणि समासात फक्त प्रश्नचिन्ह काढले. ते प्रश्नचिन्ह अजून डोळ्यांपुढून जात नाही.

रोजे यांचा यात दोष आहे, असे म्हणणे कदाचित अन्यायाचे होईल. त्यांचा ग्रंथ ज्याच्या मनात कल्पना तयार आहे आणि नेमका शब्द तेवढा जिभेवर येत नाही, अशा माणसासाठी आहे; शब्द दिसताच त्याला तो ओळखू येतो. आपल्याला तो दिसतो, पण ओळखू येतोच असे नाही, आणि थिसॉरस त्याबाबतीत अवाक्षर काढत नाही. कोणता शब्द कचेरीत चालतो, कोणता कवितेत शोभतो, कोणाचे अनेकवचन होते, याची खूण नसल्यामुळे सगळे शब्द एका पंगतीत एकाच मानाने बसलेले दिसतात.

उलट लर्नर्स डिक्शनरी पाहा. ए. एस. हॉर्नबी यांनी आपला हा कोश जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांबरोबर तयार केला. तो 1942 मध्ये तोक्योत छापला गेला आणि 1948 पासून ऑक्सफर्डकडून निघू लागला. परक्या भाषेचा माणूस नेमका कुठे अडखळतो, हे त्यांनी वर्गात पाहिलेले होते. ‘वर्क’ काढले, की नोकरी किंवा श्रम या अर्थापुढे अगणनीय, म्हणजे अनेकवचन न होणारा, असल्याची खूण असते, ‘जॉब’पुढे गणनीय असल्याची. एवढीशी अक्षरे, पण मराठी माणसाला तीच हवी असतात, कारण आपण सहज ‘माझी दोन कामे आहेत’ म्हणतो आणि त्याचे ‘टू वर्क्स’ करून मोकळे होतो. त्यातून ‘पब्लिक वर्क्स’ नावाचे अख्खे खाते आणि शेक्सपिअरचे ‘वर्क्स’ रोज कानांवर पडत असल्यामुळे शंकाही येत नाही. तिथे अर्थ बांधकामाचा आणि साहित्यकृतींचा आहे, हे कोश वेगवेगळ्या क्रमांकांखाली दाखवतो.

‘जॉब’चे तर आपण आणखी वेगळे करून ठेवले आहे. घरात ‘जॉबला जातो’ म्हणजे नोकरीवर जातो, वर्कशॉपमध्ये लेथवर लावलेला लोखंडाचा तुकडा हाही जॉबच, आणि दुसऱ्याचा माल घेऊन त्यावर मजुरीने प्रक्रिया करून देणे म्हणजे जॉबवर्क. यातले काय जसेच्या तसे ठेवायचे आणि काय बदलायचे, हे ठरवताना मला उदाहरणवाक्ये उपयोगी पडतात, नुसत्या याद्या नाहीत. अलीकडच्या आवृत्त्यांत निवडक शब्दांखाली समानार्थी शब्दांच्या चौकटीही आहेत. त्यांत शब्द मोजके असतात, पण प्रत्येकाचा स्वभाव सांगितलेला असतो.

ज्यांचे इंग्रजी वाचन दांडगे आहे, त्यांना थिसॉरस अधिक देईल, हे मी नाकारत नाही. मीही तो काढतो, पण हल्ली तिथे सापडलेला प्रत्येक शब्द हॉर्नबींच्या कोशात पाहिल्याशिवाय कागदावर उतरवत नाही. म्हणजे एक पुस्तक उघडले, की दुसरे उघडावेच लागते. दुसरे उघडल्यावर मात्र पहिल्याची गरज क्वचितच पडते. पापडांच्या त्या परिच्छेदात शेवटी चारही ठिकाणी ‘वर्क’च ठेवले आणि या वेळी समासात काही आले नाही.