जाळीदार उन्हाळी टॉप: सुती धागा की लिनन?

जाळी उठून दिसायला धागा गुळगुळीत हवा. मर्सराइज्ड (प्रक्रिया करून गुळगुळीत, चकचकीत केलेला) सुती धागा इथे सरस ठरतो: धागा पुढे घेऊन केलेलं भोक आणि दोन टाके एकत्र विणल्यावर येणारी तिरकी रेघ, दोन्ही स्वच्छ दिसतात. पण सूत जड. वापरता वापरता टॉप लांबीला ओघळतो. म्हणून नमुन्याचा १५ सेंमीचा चौकोन धुऊन, खालच्या कडेला चिमटे लावून रात्रभर टांगावा आणि ओळी त्यानंतरच मोजाव्यात. खांद्याला घट्ट शिवण दिली की बराच ताण ती पेलते. अखंड, बिनशिवणीच्या विणलेल्या टॉपला हा आधार नसतो.

लिनन लवकर वाळतं, अंगावर छान पडतं. विणताना मात्र कडक, बोटांना काचणारं. धाग्यात लवचीकता नसल्याने हाताचा सैल-घट्टपणा लगेच उघडा पडतो (धुतल्यावर बराचसा सुधारतो, घाबरून उसवू नये). एकपदरी लिनन साध्या सुलट विणीत तिरकं वळतं; दोन-तीन पदरी घ्यावं. धातूच्या सुयांवरून टाके घसरत असतील तर बांबूच्या घ्याव्यात.

पहिलाच जाळीदार टॉप असेल तर सूतच बरं. उसवलेलं लिनन वाकडंतिकडं राहतं आणि पुन्हा विणताना त्रास देतं.