आयावास्का शिजताना पाहायची असेल, तर यारिनाकोचाला जा

पेरूतल्या पुकाल्पाला येणाऱ्या बऱ्याच परदेशी पाहुण्यांना आयावास्का, म्हणजे वेल आणि पानं उकळून केलेला भास घडवणारा काढा, प्यायची घाई असते. मला ती शिजताना पाहायची होती. यारिनाकोचा सरोवराकाठच्या सान फ्रान्सिस्को या शिपिबो आदिवासींच्या गावात एक कुटुंब पाहुण्यांना चुलीपाशी बसवून, कामाला लावून हे सगळं दाखवतं. जरूर जा.

पोचल्यावर पहिला प्रश्न: कुठल्या गोळ्या चालू आहेत? नैराश्यावर औषधं घेणाऱ्या एका पाहुण्याला घरातल्या आजींनी काढा द्यायला साफ नकार दिला. तिथंच माझा विश्वास बसला. वेलीतलं हार्मिन हे द्रव्य शरीरातल्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं. अशा काही गोळ्यांसोबत हे जिवावर बेतू शकतं. आयावास्काचं मर्मही तेच. चाक्रुना या झुडपाच्या पानांतलं डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य एरवी पोटातून गेलं की हे विकर ते निकामी करतं; सोबत वेल असेल तरच त्याचा परिणाम होतो. जंगलातल्या एवढ्या वनस्पतींमधून नेमकी ही जोडी हेरणाऱ्यांपुढे मी हात जोडते.

वेलीचे तुकडे खरवडून लाकडी दांडक्यानं ठेचायचे. माझे खांदे भरून आले, आजींचा हात मात्र थांबत नव्हता. मग मोठ्या पातेल्यात वेलीचा थर, पानांचा थर, वर पाणी, आणि लाकडाच्या जाळावर तासन्‌तास उकळणं. पाणी गाळून बाजूला ठेवायचं, त्याच चोथ्यावर नवं पाणी घालायचं, शेवटी सगळं एकत्र करून दाट, काळपट होईतो आटवायचं. मधूनच आजी मापाचो या जंगली तंबाखूचा धूर पातेल्यावर फुंकतात आणि इकारो, म्हणजे विधीची गाणी, गातात. तेव्हा फोटो काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. २००८ साली पेरूनं आयावास्काचं हे पारंपरिक ज्ञान राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलं. ते जपलंय ते अशा चुलींनी. शहरात एकानं तयार बाटली पुढे केली होती, पण आत काय आहे ते त्याला सांगता येईना. तसली घेऊ नका.

उणीव एकच, पण मोठी. आजी शिपिबोत बोलतात, नातू ते स्पॅनिशमध्ये सांगतो. स्पॅनिश येत नसेल तर दुभाष्या सोबत न्या, नाहीतर निम्मं निसटेल. जेवण पथ्याचं, बिनमिठाचा मासा आणि उकडलेली केळी. पैसे रोख, सोल या पेरूच्या चलनात. घरातल्या बायकांनी भरलेली केने या शिपिबो नक्षीची कापडंही मिळतात. घासाघीस न करता घ्या.