ॲपवरचा वारा आणि बांधावरचा वारा : आठ महिने विंडी वापरल्यानंतर

विंडी म्हणजे वाऱ्या-पावसाचा अंदाज दाखवणारं मोबाइल ॲप. जून ते जानेवारी, पाटण तालुक्यातल्या दरीतल्या गावासाठी, तीन कामांपुरता वापर : फवारणी, उफणणी आणि ऊस लोळण्याची धास्ती. पाऊस सगळेच बघतात. वाऱ्याची आठवण होते ती तणनाशक शेजारच्या वांग्यांवर गेल्यावर.

आधी एकक बदला. ॲपवर सुरुवातीला नॉट, म्हणजे जहाजांच्या वेगाचं एकक, असतात. 8 दिसलं की माणूस 8 किलोमीटर समजून पंप पाठीला लावतो; प्रत्यक्षात ते ताशी 15 किलोमीटर होतात. एककावर बोट दाबलं की बदलतं. नकाशावरची खूण गावाच्या नावावर न ठेवता आपल्या शिवारावर ठेवा.

दिसणारा वेग जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्या रानात 2 मीटरवर त्याचा साधारण पाऊण हिस्सा मिळतो, म्हणजे 12 चे 9. उसाच्या सरीत त्याहूनही कमी.

खरी गोची डोंगराची. ॲपचे आकडे हवामानाच्या संगणकी मॉडेलमधून येतात; मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एकच आकडा देतं. युरोपीय मॉडेलचा चौकोन सुमारे 9 किलोमीटरचा, जीएफएस या अमेरिकी मॉडेलचा त्याहून मोठा. वनकुसवड्याचं पवनचक्क्यांचं पठार आणि खालची दरी एकाच चौकोनात आली की दोन्हींची सरासरी होते. जुलैत ॲप 25 दाखवतं तेव्हा पठाराच्या आडोशाच्या वावरात पानही धड हलत नाही आणि खिंडीच्या तोंडाला मात्र छत्री उलटते. हिवाळ्यात रात्री उतारावरची गार हवा नदीकडे सरकते. ती एवढ्या मोठ्या चौकोनात नीट उमटत नाही, म्हणून पहाटेची दिशा ॲपवरून घेऊच नये.

पहाटेचा शून्य वारा फवारणीला चांगला, हा समजही सोडा. जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर असला की बारीक थेंब खाली न बसता तरंगत लांब जातात. बांधावर उदबत्ती लावून बघा. धूर गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवा पसरत असेल तर थांबा. ऊन पडून तास-दीड तासाने तो वर चढू लागतो. फवारणीला 3 ते 10 किलोमीटरचा, एकाच दिशेचा वारा हवा.

ॲपवर सरासरी वेगाखाली झोताचा, म्हणजे मधेच येणाऱ्या जोरदार झुळकेचा, वेगळा आकडा असतो, तो बहुतेक जण बघतच नाहीत. सरासरी 14 आणि झोत 30 असेल तर पंप घरीच बरा. उभा ऊस आणि गोठ्याचे पत्रे यांच्यासाठीही झोतच बघायचा. उफणणीला दोन्हींतलं अंतर कमी हवं, नाहीतर भुशाबरोबर दाणेही जातात.

युरोपीय मॉडेलची मुख्य गणितं आपल्या पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या स्थितीवरून होतात आणि ॲपवर यायला सहा-आठ तास लागतात. उद्याचं ठरवायचं तर दुपारी दोननंतर बघावं. जीएफएस शेजारी लावा; दिशेतच फरक असेल तर त्या दिवसावर काम टाकू नये.

ऑक्टोबरच्या गडगडाटी ढगांपुढे सगळं फोल. आलेखात 8 असताना ढगाखालून कोसळणारी हवा पत्रे उचलते. तिथे काळं आभाळ, अचानक आलेला गार वारा आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप, एवढाच आधार.

ऑक्टोबर 2024 पासून हवामान विभागाचा ग्रामपंचायतनिहाय अंदाज 'मेरी पंचायत' ॲपवर मिळतो, त्यात वाराही असतो. पाच दिवसांच्या आखणीला बरा. पण गावाचं नाव आलं म्हणजे गावात यंत्र बसवलंय असं नाही.

म्हणून वही. सकाळी सात, दुपारी एक, सायंकाळी पाच : ॲपचा आकडा, दिशा आणि समोरचं झाड. पानं सळसळली तर 6 ते 11, डहाळ्या सतत हलल्या तर 12 ते 19, धूळ-कागद उडाले तर 20 ते 28 किलोमीटर. पश्चिमेचा आणि पूर्वेचा हिशेब वेगळा ठेवा. पश्चिमेचा वारा आडोशात निम्मा होत असला तरी पूर्वेचा होईलच असं नाही.

विंडीला पैसे भरले की तीन तासांऐवजी तासातासाचे आकडे मिळतात. दरीतल्या गावाला त्याचा उपयोग थोडाच, कारण चौकोन तोच राहतो. त्या पैशांत हातात धरायचा वारामापक घेतलेला परवडतो.