घरच्या बेकिंगसाठी घेतलेला डिजिटल वजनकाटा: आठ महिने वापरून लिहितेय

आमच्याकडे अंडं चालत नाही, बटरपेक्षा घरचं साजूक तूप कायम जास्त असतं आणि मैद्याऐवजी निदान अर्धी तरी कणीक घाल असा सासूबाईंचा आग्रह, त्यामुळे केकची कुठलीही रेसिपी हातात आली की त्यातल्या निम्म्या वस्तू बदलूनच करायला लागते. इतकी वर्षं सगळं वाटी आणि कपावर चालायचं. एकदा केक मस्त फुगायचा आणि पुढच्या वेळी तोच केक, तोच डबा, तोच ओव्हन तरी मधे बसायचा, आणि नेमकं काय चुकलं ते कळायचंच नाही याचा जास्त त्रास व्हायचा.

माझी ताई मेलबर्नला असते, तिच्या रेसिपीने लेमन केक केला तो फसला म्हणून फोन केला तर म्हणाली, "अगं आमचा टेबलस्पून २० मिलीचा, तुझ्या सेटमधला बघ १५ चा असेल." खरंच १५ चा होता. कपही तिकडे २५० मिली आणि अमेरिकन रेसिपीत साधारण २४०. त्याच आठवड्यात काटा ऑर्डर केला, पाचशेच्या आत मिळाला, ५ किलोपर्यंत घेतो आणि १ ग्रॅमच्या फरकाने दाखवतो.

आल्या आल्या आधी तपासला. दहाच्या नाण्याचं वजन साधारण ७.७ ग्रॅम असतं, १० नाणी ठेवली तर ७७ आलं, मग अर्धा लिटर पाणी मोजून ओतलं तर ५०१. म्हटलं चला, खरं बोलतोय. तुम्हीही नवीन काटा घेतलात तर हे नक्की करा, दोन मिनिटांचं काम आहे आणि चुकीचा निघाला तर परत पाठवायची मुदत हातात असते.

मग मैदा. एकच कप तीन पद्धतीने भरला. डब्यात कप खुपसून काढला तर १४८ ग्रॅम, चमच्याने हळूहळू भरून वर सुरी फिरवली तर १२३, चाळून भरला तर ११०! म्हणजे दोन कपाच्या केकला ७५ ग्रॅमच्या आसपास मैद्याचा फरक पडू शकतो आणि आपण दोष देतो बेकिंग पावडरला. साखरेचंही तेच, साध्या साखरेचा कप २०० ग्रॅमच्या आसपास आणि पिठीसाखरेचा जेमतेम १२०, त्यामुळे कपाला कप बदललं की केक अगोड लागणारच. ग्रॅमला ग्रॅम घातली की गोडी बरोबर येते.

पण खरा फायदा झाला तो वस्तू बदलताना. बटरच्या पाकिटावर मागे वाचा, १०० ग्रॅमला ८० ग्रॅम फॅट लिहिलेलं असतं, बाकी बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ सगळं फॅटच. मी वाटीभर बटरला वाटीभर तूप घालायचे आणि केक तेलकट व्हायचा, नानकटाई ट्रेमधेच पसरायची. आता १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप, १५ ग्रॅम दूध आणि बटर मिठाचं असेल तर चिमूटभर मीठ. शिवाय रवाळ तूप वाटीत भरलं की मधे हवा राहते, पातळ केलेलं तूप वाटीत जास्त मावतं, काट्यावर तो प्रश्नच नाही. गेल्या दिवाळीची नानकटाई पहिल्यांदा सगळी एकसारखी झाली, सासूबाईंनी स्वतः डबा भरून नणंदेकडे पाठवली, मला फार बरं वाटलं.

अंडं सालीशिवाय साधारण ५० ग्रॅमचं धरतात, त्याऐवजी मी ५०-६० ग्रॅम घट्ट दही घालते (पाणी सुटलेलं नको, केक आतून ओलसर राहतो) आणि दह्याच्या आंबटपणामुळे थोडा सोडा. कणीक वजनाने मैद्याइतकीच घ्यायची पण ती पाणी जास्त पिते, म्हणून १०० ग्रॅमला एक-दोन चमचे दूध वाढवून मिश्रण दहा मिनिटं तसंच ठेवायचं. गूळ पावडर साखरेइतकीच घालते, रंग गडद येतो आणि केक जरा दाटसर होतो, आम्हाला आवडतो.

आता काट्याच्या त्रुटी. सोडा, बेकिंग पावडर, मीठ यावर मोजू नका. एका टीस्पूनमधे ४-६ ग्रॅमच असतात आणि हा काटा एक ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, तेवढ्यानेही सोड्याची चव उतरते, त्यामुळे चमच्यांचा सेट ठेवाच. चिमूट चिमूट करून टाकलं तर आकडा हलतच नाही, मग मी भांडं उचलून परत ठेवते. मिली दाखवणारं बटण पाणी आणि दुधापुरतं ठीक, तेलाला नाही, कारण २४० मिली तेल २२० ग्रॅमच भरतं. दोन मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद होतो आणि चालू केला की परत शून्यावर, दही फेटत बसले आणि आधीचं मोजलेलं गेलं असं तीनदा झालंय, म्हणून आता आकडा लगेच कागदावर लिहिते.

टेअरचं बटण (भांडं वर असतानाच आकडा परत शून्य करणारं) मात्र फार सोयीचं, एकाच भांड्यात मैदा, शून्य, साखर, शून्य, दही, आणि घासायला कप-वाट्यांचा ढीग नाही. तेवढं एक, घेताना आकड्यांची पट्टी पुढे आलेली आहे ना ते बघून घ्या, माझ्यात मोठं पातेलं ठेवलं की आकडा झाकला जातो आणि वाकून बघावं लागतं, म्हणून मी मधे छोटी वाटी पालथी ठेवून, शून्य करून, वर पातेलं ठेवते.