गादीवाफ्यावर पाचट की भाताचा पेंढा?

पन्हाळ्याकडे रोपवाटिका घालणारा मित्र अडकलाय: बी पेरल्यावर गादीवाफा, म्हणजे उंच केलेला वाफा, कशानं झाकू? पाचट, म्हणजे उसाची वाळकी पाती, स्वस्त पडतं. तोडणी झाली की फडात मागाल तेवढं मिळतं. पेंढा म्हणजे जनावरांची वैरण. ओल दोन्ही धरतात. खरा फरक कोंब वर आल्यावर कळतो. पाचटाची लांब, करवती पाती एकमेकांत गुंततात, ओढली की कोवळी रोपं उपटून येतात. पेंढा मूठमूठ अलगद निघतो. फक्त त्यात राहिलेलं भात उगवतं, ते खुरपावं लागतं. आणि उगवण दिसताच आच्छादन काढाच, नाहीतर रोपं पिवळी, लांबट होऊन बुडाशी कुजतात. करंज, जांभूळ अशा मोठ्या बियांना पाचटाची कुट्टी चालेल. निलगिरीसारख्या बारीक बियांवर मात्र पातळ पेंढाच.