भावात घासाघीस न करणारी पार्टी

इचलकरंजीत यंत्रमाग चालवणाऱ्याला उधारी नवीन नाही. सूत उधारीवर येतं, कापड उधारीवर जातं. पगार आणि वीजबिल मात्र थांबत नाही. त्यामुळे एखादी पार्टी, म्हणजे कापड घेणारा व्यापारी, बुडाली की तिच्यामागे कारखानदार, सूतवाला, सुताला खळ लावून देणारा सायझिंगवाला असे सगळेच अडकतात. आमची पार्टी मात्र बुडाली नव्हती, तिने आम्हाला ठरवून बुडवलं. हीच पद्धत अजून दुसऱ्यांवर वापरली जाते, म्हणून सविस्तर लिहितोय.

दलाल ओळखीचा होता, पार्टी परराज्यातली आणि नवी. पहिल्यांदा थोडं ग्रे कापड (मागावरून उतरलेलं, न रंगवलेलं) नेलं, आठवड्याच्या आत पैसे आरटीजीएसने थेट बँकेत जमा. पुढचे एकदोन सौदे तसेच. भावाबद्दल एक शब्द नाही, आम्ही सांगू तो भाव कबूल. आज मला तीच सगळ्यात मोठी खूण वाटते. खरा व्यापारी मीटरमागे दहा पैशांसाठी अर्धा तास फोनवर भांडतो, कारण त्याला ते पैसे खरंच द्यायचे असतात.

मग सणाच्या तोंडावर मोठी ऑर्डर आली. माल भरून गाड्या गेल्या, हातात पुढच्या तारखांचे चेक. पहिलाच मोठा चेक परत आला, खात्यात पुरेशी रक्कम नाही म्हणून. फोन केला तर, "शेठ, आमचंच पेमेंट अडकलंय, सोमवारी परत टाका." टाकला, परत आला. मग वडील दवाखान्यात. मग बहिणीचं लग्न. नोटीस पाठवायला आपल्यालाच लाज वाटावी इतकं नम्र बोलणं.

त्या नम्रपणामागे मुदतीचा हिशेब होता. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात चेक न वटण्याबद्दलच्या कलम 138 खाली कोर्टात तक्रार. चेक स्वतः तारखेपासून फक्त 3 महिने चालतो. आमच्या मोठ्या चेकची मुदत संपली त्याच आठवड्यात त्या पार्टीच्या मालकाचा फोन बंद झाला.

गोदाम भाड्याचं निघालं, भाडंही थकलेलं. पुढे दुसऱ्या एका बाजारात आमचेच तागे दिसले. टोकाला आमच्या कारखान्याचा शिक्का तसाच, आणि भाव सुताच्या खर्चापेक्षाही कमी. त्याने मिळेल त्या रोखीत माल फुंकला होता. त्या मालावरचा जीएसटी आम्ही भरलेला, कारण बिल केलं की पैसे येवोत न येवोत, कर भरावाच लागतो. दलाल म्हणाला, "मी फक्त ओळख करून दिली." तेव्हापासून सौदा चिठ्ठीवर दलालाची जबाबदारी लिहून त्याची सही घेतल्याशिवाय गाडी हलत नाही.

नवी पार्टी आली की जीएसटीच्या संकेतस्थळावर तिचा नंबर टाकून बघा. नोंदणी कधीची आहे, रिटर्न नियमित भरलेत का, हे फुकटात दिसतं. या पार्टीची नोंदणी अगदी ताजी होती.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, हीही माल देण्याआधीच करून ठेवा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि थकलेल्या पैशांचे असे वाद ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. पळून जायचं ठरवलेल्याला याची भीती नसते, हे खरं. पण जी पार्टी बाजारात टिकून आहे आणि फक्त रखडवते, तिच्यावर याचा दाब येतो.

चेक परत आला की त्याच दिवशी वकील गाठा. कोणाचे वडील खरोखर आजारी असतील, तर नोटीस पाठवूनही त्यांना भेटून येता येतं.

आमची तक्रार पोलिसांकडे आहे. बिलं, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), माल वाहतुकीचं ई-वे बिल, व्हॉट्सॲपवरचे त्याचे आवाजी निरोप, सगळं जपून ठेवलंय. तुम्हीही फोन बदलताना ते निरोप पुसू नका. माल पोचला आणि पैसे द्यायचे बाकी आहेत, हे त्याने स्वतःच्या तोंडाने तिथेच कबूल केलेलं असतं.